अ‍ॅनोड-कॅथोडचा गोंधळ आधी मिटव

वडोदऱ्यात बारावीच्या मुलांना बरीच वर्षं रसायन शिकवतोय, म्हणून सांगतो: अ‍ॅनोड म्हणजे धन आणि कॅथोड म्हणजे ऋण, असं घोकू नकोस. जिथं ऑक्सिडीकरण होतं, म्हणजे इलेक्ट्रॉन सुटतात, तो अ‍ॅनोड, मग वीज देणारा विद्युत घट असो की वीज सोडून केलेलं विद्युत अपघटन. डॅनियल घटात, म्हणजे जस्त-तांब्याच्या घटात, जस्ताचा अ‍ॅनोड ऋण असतो. अपघटनात तो बॅटरीच्या धन टोकाला जोडलेला असतो, म्हणून धन.

हा घट एकदा स्वतः करच. दांडिया बाजारातल्या घराच्या गॅलरीतही होतो. एका पेल्यात मोरचुदाचं द्रावण आणि तांब्याची पट्टी, दुसऱ्यात झिंक सल्फेट आणि जस्ताची पट्टी. पोटॅशियम नायट्रेटच्या द्रावणात भिजवलेल्या गाळणकागदाची टोकं दोन्हींत सोड. दोन्ही पट्ट्यांना जोडलेला मल्टिमीटर १.१ व्होल्टच्या आसपास दाखवेल. आता कागद उचल, आकडा टिकत नाही. क्षारसेतू, म्हणजे हा भिजलेला कागद, कशाला लागतो, ते इथं जसं डोक्यात बसतं तसं पुस्तकातून बसत नाही. मोरचूद विषारी, तेव्हा स्वयंपाकाची भांडी घ्यायची नाहीत. मिठाच्या पाण्याचं अपघटन घरात नकोच, क्लोरीन निघतो. आणि भिंतीतल्या प्लगला काहीही जोडायचं नाही!

अपघटनाच्या गणितात आधी कूलॉम, म्हणजे विद्युतभार, मग इलेक्ट्रॉनचे मोल, मग धातू. १ अँपिअर ९६५ सेकंद म्हणजे ९६५ कूलॉम; एक मोल इलेक्ट्रॉनचे सुमारे ९६,५०० कूलॉम, म्हणून ०.०१ मोल इलेक्ट्रॉन. तांब्याच्या आयनाला दोन लागतात, म्हणून ०.००५ मोल, सुमारे ०.३२ ग्रॅम तांबं. मुलं या दोननं भागायलाच विसरतात, आणि येत असलेल्या गणिताचे मार्क जातात.