गुप्तहेर कार्टूनवरून मुलाला चित्रकथा काढायची आहे, पण कागदावर टीव्हीची मजा येत नाही. काय करावं?

तुमचं लेकरू पाचवीत आहे, 'डेंजर माऊस' या जुन्या इंग्रजी कार्टूनच्या नादी लागलंय, त्या गुप्तहेर उंदराला दौलताबादच्या किल्ल्यात आणून चित्रकथा काढायची म्हणतंय, आणि दोन पानं झाली की "टीव्हीसारखं वाटत नाही" म्हणून कागद फाडतंय, असं तुम्ही लिहिलंय. मी परभणीत पोरांना चित्रकला शिकवतो. असे फाडलेले कागद आमच्याकडं पोत्यानं निघतात.

टीव्हीसारखं वाटणार नाही, हे त्याला सरळ सांगून टाका. टीव्हीवर निम्मं काम आवाज करतो. उंदराला आवाज देणाऱ्या डेव्हिड जेसनचा तो रुबाबदार स्वर, बॅरन ग्रीनबॅक या खलनायक बेडकाची घरघर, उंदराचा जोडीदार पेनफोल्डचं घाबरून चिरकणं. शिवाय धावपळ. कागदावर उंदीर धावत नाही, धावण्याच्या पोजमध्ये उभा राहतो. मग राहिलं काय, तर एका डोळ्यावर पट्टी बांधलेला एक उंदीर. पोरगं चिडणारच.

पण त्याच मालिकेत याची सोय आहे. कॉसग्रोव्ह हॉल या मँचेस्टरच्या स्टुडिओनं ती थेम्स टेलिव्हिजनसाठी काढली, १९८१ साली सुरू झाली. सगळं हातानं काढायचं आणि पैसा बेताचा. म्हणून ही मंडळी काय करायची, तर गोष्ट सरळ उत्तर ध्रुवावर न्यायची, म्हणजे मागं पांढरं सोडलं की झालं. नसता दिवे घालवायचे. पडदा काळा, त्यात फक्त पेनफोल्डचे दोन डोळे आणि उंदराचा एकच डोळा मिचमिच करताहेत आणि संवाद चालू. चित्रं वाचली आणि वर हशाही मिळाला. हा कंजूसपणा तुमच्या मुलासाठी वरदान आहे, कारण काळी चौकट कागदावर टीव्हीपेक्षाही जास्त रंगते. टीव्हीवर ती पुढं सरकते, इथं वाचणारा तिच्यावर हवा तितका वेळ थांबतो.

आणि दौलताबादला तर अंधाराची कमतरता नाही! तुम्ही तिथल्या अंधारी या बोगद्यातून गेलाच असाल. खालचा डोंगर उभा तासून काढलेला, भोवती खंदक, आत जायला एकच अरुंद पूल, आणि पुढं खडकात कोरलेला वळणावळणाचा काळोखा बोगदा. वटवाघळांचा वास येतो, पायऱ्या उंच-सखल, शेजारचा माणूस फक्त आवाजावरून कळतो. बोगद्याच्या वरच्या तोंडावर लोखंडी झाकण टाकून त्यावर निखारे पेटवायचे, म्हणजे शत्रू आतच गुदमरेल, अशी तजवीज होती. कार्टूनमधल्या कुठल्याही खलनायकानं हेवा करावा अशी ही यंत्रणा आहे, आणि ती आपल्या माणसांनी कितीतरी शतकं आधी बांधून ठेवली. बेडकाला नवं यंत्र द्यायची गरजच नाही.

आता खरी गोम. हेरकथेची मजा मारामारीत नाही, कुणाला काय माहीत आहे आणि कुणाला नाही, यात आहे. पहिल्या चौकटीत वाचणाऱ्याला दाखवा की वर झाकणापाशी बेडकाचा हस्तक स्टिलेटो कावळा निखाऱ्यांची पाटी घेऊन बसलाय. दुसरी चौकट पूर्ण काळी, फक्त पेनफोल्डचे दोन आणि उंदराचा एक डोळा, पेनफोल्ड म्हणतोय, "साहेब, इथं उकडतंय." तिसरी तशीच काळी, फक्त डोळे जरा मोठे. वाचणाऱ्याला ठाऊक आहे, उंदराला नाही. बस, झाली गोष्ट. यात पळापळ कुठंय?

पानाची शेवटची चौकट मात्र जपा. पान उलटायच्या आधी काहीतरी अडकलेलं पाहिजे. झाकण सरकतंय, एवढंच दाखवा. काय होतं ते उलटल्यावर. पोरं नेमकं उलटं करतात, आख्खा स्फोट पानाच्या तळाशी उरकून टाकतात आणि पुढचं पान "मग ते घरी गेले" यानं सुरू होतं.

आवाजाचं म्हणाल तर मराठीएवढी श्रीमंती कुठं नाही. धाडकन, चर्रर्र, फस्स, सळसळ, ठण्ण. ही अक्षरंच चित्रासारखी काढायची, झाकण पडलं तर 'ठण्ण' चौकटीच्या बाहेर गेलं तरी चालेल. त्या कार्टूनमध्ये मध्येमध्ये नाक खुपसणारा एक निवेदक आहे, तोही जेसनचाच आवाज. त्याला चौकटीच्या वरच्या पट्टीत बसवा आणि थोडा आगाऊ ठेवा.

एक कामाची गोष्ट, जी जवळपास सगळ्यांची चुकते. आधी संवाद लिहायचा, मग त्याभोवती फुगा, मग उरलेल्या जागेत माणसं. आपल्या लिपीत वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार येतात, त्यामुळं दोन ओळींत सुटी जागा सोडली नाही तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत घुसतो. फुग्यात सात-आठ शब्दांच्या वर नको. काळी चौकट स्केचपेननं भरू नका, कागद फाटतो आणि पट्टे दिसतात. शाईच्या बाटलीत ब्रश बुडवून भरा, डोळ्यांची जागा आधी पेन्सिलनं आखून कोरी सोडा.

टीव्हीवरून कागदावर येणं काही कमी दर्जाचं काम नाही, हेही सांगा त्याला. याच उंदराची चित्रकथा इंग्लंडात 'लुक-इन' या मुलांच्या साप्ताहिकात यायची. लिहायचे अँगस ॲलन, काढायचे आर्थर रॅन्सन. हे रॅन्सन त्याच साप्ताहिकात टीव्हीवरच्या नट-नट्यांचे चेहरे हुबेहूब उतरवायचे, पुढं मोठ्यांच्या कॉमिक्समध्येही नाव काढलं. एवढ्या तयारीच्या हातानं उंदीर काढला, आणि तोही मन लावून.

शाळेच्या प्रदर्शनाला, वहीत, मावशीला दाखवायला हा उंदीर चालेल. छापून विकायचं मनात आलं तर मालकांची परवानगी लागते, तेव्हा पात्र आपलं करा. आमच्या वर्गात एका पोरीनं घुबडाला हेर केलंय. दिवसा झोपतं म्हणून सगळ्या मोहिमा रात्रीच्या, आणि निम्म्या चौकटी काळ्या. तिची शाईची बाटली मात्र महिनाभरही पुरत नाही.