बिघडलेल्या इन्सर्टच्या डब्या टाकू नकोस

चि. हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा मेल वाचला, फोटो मोठे करून पाहिले. टंगस्टन कार्बाइडचे कण धरून ठेवणाऱ्या बाइंडरमधला थोडा कोबाल्ट काढून दुसरा धातू घातलास आणि स्टेनलेस कापताना इन्सर्ट, म्हणजे हत्याराच्या टोकाचा कापणारा तुकडा, जास्त टिकला, छानच झालं. पण तू लगेच पेटंट एजंट शोधायला निघालीस, तिथे जरा दम धर. जे इन्सर्ट टिकले नाहीत त्यांचं काय केलंस? एवढ्या लांबलचक मेलमध्ये त्यांच्यावर एक ओळ नाही.

आपल्या पेटंट कायद्याचं कलम 3(ई) काढून वाच. नुसतं मिश्रण केलं आणि घटकांच्या गुणांची फक्त बेरीज झाली, तर पेटंट मिळत नाही. पावडरी मिसळणाऱ्यांना पेटंट ऑफिसचा परीक्षक हमखास इथेच अडवतो. त्याला उत्तर द्यायचं तर चांगल्या नमुन्याचा आकडा पुरत नाही. धातू त्याहून कमी घातला तेव्हा काय झालं आणि जास्त घातला तेव्हा कुठे बिघडलं, हे दोन्ही बाजूंनी दाखवावं लागतं. तुझ्या दाव्याची हद्द कुठवर, ते त्या चिरा गेलेल्या, कडा उडालेल्या इन्सर्टवरूनच ठरणार आहे. प्रत्येक डबीवर बॅच, तारीख आणि भट्टीचा चार्ट नंबर घाल आणि त्या कपाटात ठेव. घरच्या नव्हे, कंपनीच्या.

आता खरी शंका. टिकाऊपणा तुझ्या धातूमुळेच आला, हे कशावरून? टंगस्टन कार्बाइडमध्ये वजनाने 6.13 टक्के कार्बन बसतो. सिंटरिंगला, म्हणजे पावडर भट्टीत तापवून घट्ट करताना, तो थोडा कमी पडला की ईटा फेज ही कमी कार्बनची घडण येते आणि धार ठिसूळ होते. जास्त झाला की ग्राफाइटचे काळे ठिपके दिसतात. मधली जागा फार अरुंद असते, आणि बाइंडर बदलला की ती सरकते. म्हणजे असंही असू शकेल की तुमच्या जुन्या बॅचला कार्बन कमी पडत होता आणि नव्या बॅचला तो योगायोगाने जुळला. कार्बन चुंबकाने तपासायच्या मॅग्नेटिक सॅच्युरेशन चाचणीचे कोबाल्टसाठी लावलेले आकडे इथे जसेच्या तसे धरू नकोस. तुकडा कापून पॉलिश कर, पृष्ठभाग कोरून रंग चढवणाऱ्या मुराकामी द्रावणात काही सेकंद धर आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघ. ईटा फेज असेल तर तीच आधी रंग धरते. जुना आणि नवा, दोन्ही तुकडे असे बघितल्याशिवाय एजंटकडे जायचं नाही. हे जरा दटावून सांगतोय असं समज.

शेवटी तू सहज लिहिलंयस की हीच पावडर स्विचगिअरच्या, म्हणजे वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या ब्रेकरसारख्या उपकरणांच्या, कॉन्टॅक्टलाही चालेल. सातपूर-अंबडच्या स्विचगिअर कारखान्यांशेजारी राहून हे डोक्यात आलं नसतं तरच नवल! कल्पना वेडी नाही. ब्रेकरमध्ये चांदी आणि टंगस्टन कार्बाइडचे कॉन्टॅक्ट वापरतातच: चांदी करंट वाहते, कार्बाइड आर्कच्या ठिणगीला तोंड देतं. आणि आपण शॉपफ्लोअरवर ज्याला अजून विडिया म्हणतो, ते कार्बाइडही दिव्याच्या कारखान्यातूनच आलं. बर्लिनच्या ओस्रामला फिलामेंटची टंगस्टन तार ओढायला हिऱ्याच्या डाय (तार ओढायचे साचे) परवडेनात, म्हणून 1923 मध्ये कार्ल श्रोटरने कार्बाइड आणि कोबाल्टचं पेटंट घेतलं. जर्मनीच्या क्रुप कंपनीने ते बाजारात आणलं तेव्हा त्याचं कटिंग टूल झालं. पण कॉन्टॅक्टला विचारतात तापमानवाढ, वेल्डिंग (कॉन्टॅक्ट एकमेकांना चिकटणं), कॉन्टॅक्ट रेझिस्टन्स. यातलं तू काहीच मोजलेलं नाहीस. तेव्हा तो विषय या अर्जात घुसवू नकोस. नुसता उल्लेख करून ठेवलास तरी अर्ज 18 महिन्यांनी प्रसिद्ध होतो आणि तुझंच वाक्य तुझ्या पुढच्या अर्जाच्या आड येतं.

दावा गुणावर करू नकोस, हेही लक्षात ठेव. अमेरिकेत विल्यम कूलिज या संशोधकाला 1913 मध्ये लवचिक टंगस्टनचं पेटंट मिळालं. केवढं मोठं काम! तरी 1928 मध्ये तिथल्या कोर्टाने त्या धातूवरचे दावे उडवले, कारण लवचिकपणा टंगस्टनचा मूळचाच, तो कूलिजने निर्माण केलेला नाही. आपल्याकडे कलम 3(डी) त्याच वळणाचं आहे. तू घटकांचं प्रमाण आणि ते गाठायची पद्धत मांड.

लिंक्डइनवर फोटो टाकायचा मोह आवर; अर्जाआधी शोध उघड झाला की तो नवा धरत नाहीत. स्थानिक प्रदर्शनात स्टॉलवर इन्सर्ट मांडायचं साहेबांच्या मनात असेल तर त्यांनाही सांग. प्रदर्शनाची सवलत केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांपुरती आहे. त्यापेक्षा आधी प्रोव्हिजनल (तात्पुरता) अर्ज करा. पूर्ण तपशील द्यायला त्यानंतर 12 महिने मिळतात आणि तेवढ्यात तुझे राहिलेले नमुने होतील.

मालकीचं विचारलंस. नोकरीत लावलेल्या शोधाबद्दल आपल्या कायद्यात वेगळं प्रकरण नाही, त्यामुळे अपॉइंटमेंट लेटरमधलं कलम काय म्हणतं ते बघ. बहुधा अर्जदार कंपनीच असेल, त्यावर भांडत बसू नकोस. संशोधकांच्या रकान्यात मात्र तुझं नाव आलंच पाहिजे. आणि तुझ्याच मेलमध्ये आहे की तापमान मध्येच थोडा वेळ धरून ठेवायचं भट्टीवरच्या काकांनी सुचवलं आणि त्यानंतर चिरा थांबल्या. ती पायरी दाव्यात येणार असेल तर तेही संशोधक आहेत. फॉर्म 1 साठी त्यांचं पूर्ण नाव, पत्ता आणि राष्ट्रीयत्व लागेल. सोमवारी पहिल्या पाळीत गाठून लिहून घे.

तुझा,
काका
नाशिक