कापूर, खोबरं आणि सासूबाईंचे गुडघे

प्रश्न : ताई, माझ्या सासूबाई (वय 72) पहिल्यांदाच विमानाने काशीला निघाल्या आहेत. दोन्ही गुडघ्यांचे सांधे बदललेत, इन्सुलिन चालू आहे. पूजेच्या पिशवीत कापूर, काडेपेटी, खोबऱ्याच्या वाट्या, तूप आणि त्यांचा अडकित्ता आहे. मी नोकरीमुळे सोबत जाऊ शकत नाही, मामंजी आहेत. तपासणीत त्यांची तारांबळ तर उडणार नाही ना?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : ऐरोलीला राहायला येण्याआधी बरीच वर्षं मी मुंबई विमानतळावर चेक-इन काउंटरला होते. पहिल्यांदा विमानात बसणाऱ्या किती आज्या तिथे पाहिल्या! त्यांना तपासणीची नाही, अचानकपणाची भीती वाटते. म्हणून पुढे काय होणार ते सासूबाईंना घरीच सांगून ठेवा.

धातू ओळखणाऱ्या चौकटीतून जाताना त्यांच्या गुडघ्यांतल्या सांध्यांमुळे ती बहुतेक वाजणारच. चौकटीत शिरण्याआधीच त्यांनी विमानतळाची सुरक्षा पाहणाऱ्या सीआयएसएफच्या जवानाला सांगावं, ‘गुडघ्यांत सांधे बसवलेत.’ मग पडद्याआड महिला जवान हातातलं यंत्र फिरवून, हाताने चाचपून तपासतात. साडीवरूनही हात फिरतो. हे आधी माहीत नसेल तर त्या वयात फार अपमान वाटतो, आणि ते मला बघवत नसे. शस्त्रक्रियेचा कागद जवळ असू द्या; त्याने तपासणी टळत नाही, पण बोलणं सोपं होतं. व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागा. व्हीलचेअरवर असल्या तरी तपासणी होतेच.

इन्सुलिन मात्र कधीही चेक-इनच्या, म्हणजे काउंटरवर देऊन टाकायच्या बॅगेत टाकू नका. सामानाच्या कप्प्यात ते गोठू शकतं, गोठलेलं इन्सुलिन वापरायचं नसतं, आणि बॅग मागे राहिली तर? पेन, सुया, ग्लुकोमीटर हे सगळं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या पिशवीत.

आता पूजेचं सामान. कापूर आणि काडेपेटी दोन्ही बॅगांतून काढाच, कुठेच चालत नाहीत. सुक्या खोबऱ्याबद्दल लोक माझ्याशी वाद घालत, ‘अहो, देवाचं आहे!’ पण खोबऱ्यात तेल भरपूर असतं, ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं. म्हणून आंतरराष्ट्रीय नियमांत ते धोकादायक मालात मोडतं. यात कुणाच्या श्रद्धेचा अनादर नाही, त्याच विमानात आपलीच माणसं बसलेली असतात. काशीत देवळाभोवती हे सगळं मिळतं, तिथेच घ्यायला सांगा. अडकित्ता आणि घट्ट झाकणाचा तुपाचा डबा चेक-इनमध्ये.

मामंजींकडे फोन चार्ज करायची पॉवर बँक असेल तर तिचं उलट: ती हातातल्याच बॅगेत. मर्यादा 100 वॅट-अवरची (बॅटरीतल्या ऊर्जेचं माप), नेहमीची 20,000 एमएएचची सुमारे 74 वॅट-अवर भरते. तपासणीला फोन आणि ती, दोन्ही ट्रेमध्ये वेगळी ठेवायची.

नजरचुकीने अडकित्ता हातातल्या पिशवीत राहिलाच, तर मामंजींनी तिथे हुज्जत घालू नये. वेळ असेल तर विमान कंपनीच्या काउंटरवर परत जाऊन तो चेक-इनला देता येईल का, ते विचारावं. त्यासाठीच ठाण्याहून हाताशी वेळ ठेवून निघा. घोडबंदरकडून येणाऱ्यांना तर मी आणखी एक तास धरायला सांगते.

आणि परतताना गंगाजल आणणारच असतील, तर ते पक्कं बंद करून चेक-इनच्या बॅगेत टाकायला आत्ताच सांगून ठेवा.