दहा फुटांवरून सगळेच ६/६ कसे निघाले?

ताई, तुमच्या प्रश्नाचा गोषवारा असा: बडोद्यातल्या एका गुजराती माध्यमाच्या शाळेत मंडळातर्फे तिसरी ते सातवीच्या मुलांचे डोळे तपासले. नेटवरून ६ मीटरचा चार्ट उतरवून ए-३ कागदावर छापला. खोली १४ फुटांची, म्हणून मुलांना १० फुटांवर उभं केलं. जवळजवळ सगळे ६/६ (म्हणजे चांगल्या नजरेचे) निघाले, पण वर्गशिक्षिका म्हणतात की मागच्या बाकावरच्या तिघांना फळा वाचता येत नाही.

शिक्षिकांवर विश्वास ठेवा. घोळ अंतराचा आहे.

हर्मन स्नेलेन यांनी १८६२ मध्ये चार्ट बनवला, तेव्हापासून हिशोब एकच: ६/६ च्या ओळीतलं अक्षर ६ मीटरवरून डोळ्याशी ५ मिनिटांचा कोन करतं (१ अंश म्हणजे ६० मिनिटं), आणि त्या अक्षराची प्रत्येक रेघ १ मिनिटाचा. मोजून ही उंची ८.७ मिमी येते. तीच ओळ तुम्ही साधारण ३ मीटरवरून वाचून घेतलीत, म्हणजे कोन दुप्पट झाला आणि मुलाने प्रत्यक्षात ६/१२ ची ओळ (चांगली नजर जी १२ मीटरवरूनही वाचते ती) वाचली. ज्यांची नजर खरोखर ६/९ किंवा ६/१२ आहे ती सगळी पास झाली, आणि अशी तपासणी नेमकी त्यांच्यासाठीच करायची असते.

खोली लांबवता येत नसेल तर ३ मीटरसाठीच काढलेला चार्ट घ्या. त्यात ६/६ चं अक्षर ४.४ मिमी, ६/९ चं ६.५, ६/१२ चं ८.७, ६/१८ चं १३.१, ६/२४ चं १७.५, ६/३६ चं २६.२ आणि ६/६० चं ४३.६ मिमी असतं. हा ए-४ वर आरामात बसतो. ६ मीटरचा चार्ट मात्र ए-४ वर बसतच नाही. कोणी तसा छापून दिला असेल तर प्रिंटरने तो गुपचूप लहान केलेला असतो, आणि मग कुठलीच ओळ खरी राहत नाही. म्हणून छापताना ‘फिट टू पेज’ बंद, साइज १०० टक्के, आणि छापून झाल्यावर स्टीलच्या पट्टीने सगळ्यांत मोठं अक्षर मोजायचंच. लेझर प्रिंट घ्या. ३ मीटरच्या ६/६ मध्ये रेघ जेमतेम ०.९ मिमी असते. इंकजेटची शाई पसरली की इंग्रजी ‘ई’च्या (E) पायांमधली फट बुजते. रावपुऱ्यातल्या फ्लेक्सवाल्याकडे जाण्याचा मोह टाळा, त्या छपाईत बारीक ओळी दाणेदार येतात. चकचकीत लॅमिनेशनही नको, खिडकी त्यात चमकते.

अंतर डोळ्यापासून मोजा. जमिनीवर खडूची रेघ मारून टाचा तिच्यावर ठेवल्या तर डोळा काही सेंटिमीटर पुढे येतो, तेवढी रेघ मागे घ्या. ३ मीटरवर मूल ३० सेंमी पुढे झुकलं की अक्षर साधारण १० टक्के मोठं दिसतं. ६ मीटरवर तेवढ्याच झुकण्याने फरक निम्माच पडतो. त्यामुळे लहान खोलीत एक माणूस फक्त मुलाच्या पाठीशी हवा.

उजेड चार्टवर पडायला हवा, चार्टच्या मागून यायला नको. पांढऱ्या कागदावर ५०० लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) आसपास पुरे; लक्समीटर नसेल तर मोबाइलच्या अ‍ॅपने निदान अंदाज येतो. खिडकीसमोरची भिंत बहुधा बरी पडते, खिडकीशेजारची कधीच नाही.

अक्षरांचं काय? तुमच्याकडे घरी मराठी, शाळेत गुजराती आणि ट्यूशनला इंग्रजी अशी मुलं आहेत. मूल अडलं तर ते दिसलं नाही म्हणून की अक्षर ओळखता आलं नाही म्हणून, हे तुम्हाला कळणारच नाही. शिवाय देवनागरीत शिरोरेषेमुळे काही अक्षरं सारखी दिसतात आणि रुंदीही कमीजास्त असते. माझं मत स्पष्ट आहे: सगळ्यांना फिरता ‘ई’ चार्टच लावा, म्हणजे वेगवेगळ्या दिशांना वळवलेले इंग्रजी E. मुलाने डावं-उजवं तोंडाने सांगायचं नाही, हाताने पाय कुठे वळलेत ते दाखवायचं. चार दिशा म्हणजे अंदाजही चारात एकदा बरोबर येतो. पाच ‘ई’च्या ओळीत तीन किंवा जास्त बरोबर असली म्हणजे पास, असं ठरवलंत तर काहीही न दिसता शंभरात दहा मुलं नुसत्या नशिबाने सुटतील. चार धरलेत तर जेमतेम दोन. म्हणून पाचात चार. रांगेतली मुलं ऐकून पाठ करतात, तेव्हा दोन वेगळे चार्ट ठेवून अदलाबदल करत राहा आणि रांग दाराबाहेर उभी करा.

सुटा एकेक ‘ई’ कार्डावर दाखवू नका. आळशी डोळ्याला (लहानपणी नीट वापरात न आल्याने ज्याची नजर कमी राहिली तो) सुटं अक्षर ओळीतल्या अक्षरापेक्षा सोपं जातं, म्हणजे जो डोळा सापडायला हवा तोच निसटतो. ओळच हवी, किंवा ‘ई’भोवती चौकटीच्या रेघा.

आधी उजवा, मग डावा. दुसरा डोळा तळहाताच्या खळग्याने झाका, बोटांनी नाही (फटीतून बघतात), आणि दाबायचा नाही, नाहीतर त्याची पाळी आली की तो धूसर दिसतो. डोळे बारीक करणाऱ्याला लगेच थांबवा. चष्मा असेल तर चष्म्यासकट.

दोन्हीपैकी कुठल्याही एका डोळ्याने ६/९ ची ओळ वाचता आली नाही, तर त्याच दिवशी थोड्या वेळाने पुन्हा बघा. तरी नाही तर चिठ्ठी देऊन नेत्रतज्ज्ञाकडे. १ ते १.५ मिमी भोकाचं पिनहोल (डोळ्यासमोर धरायची बारीक भोकाची चकती) जवळ असेल तर लावून बघा. त्यातून नजर सुधारली तर बहुतेक चष्म्याच्या नंबरचाच मामला, नाही सुधारली तर पाठवायला उशीर नको. चिठ्ठीवर आकड्यासोबत ‘३ मीटरचा ई चार्ट, चष्म्याशिवाय’ (किंवा ‘चष्म्यासकट’) असं लिहा, नुसत्या ६/१२ वरून पुढच्याला काही उमगत नाही.

आणि एक: प्लस नंबरची मुलं डोळ्यावर ताण देऊन ६/६ सहज वाचतात. डोकेदुखी, वाचताना पुस्तक टाळणं, डोळा तिरळा होणं अशी तक्रार असेल तर चार्ट काहीही म्हणो, त्याला पाठवाच. डोळ्यात औषधाचे थेंब घालून तपासल्याशिवाय तो नंबर नीट सापडत नाही.

आधी तपासलेल्या सगळ्यांनाच पुन्हा बोलवा, फक्त त्या तिघांना नाही.