पाला ढीगभर, मुळा बोटभर

प्रश्न : आमच्याकडे भांडुपला टेरेसवर 15 इंची ग्रो बॅगमध्ये मुळा लावलाय. दीड महिना झाला, पाला नुसता फोफावलाय पण काल एक उपटून बघितला तर खाली करंगळीएवढा मुळा. दर आठवड्याला चमचाभर युरिया देते, अजून वाढवू का? – एक वाचक, भांडुप

उत्तर : नका हो ताई, आधी तो युरियाचा डबा बंद करून ठेवा! मुळा माजलाय तुमचा. युरियात 46 टक्के नायट्रोजन असतो, चहाचा सपाट चमचा धरला साधारण चार ग्रॅम, असे पाच चमचे गेले असतील तर नऊ ग्रॅमच्या वर नायट्रोजन झाला आणि एवढ्याशा बॅगेला सगळ्या हंगामात एक-दीड ग्रॅम पुरतो. नायट्रोजन भरपूर मिळाला की झाड पानंच काढत बसतं, केलेली साखर पानांतच खर्च होते, खाली साठवायला काही उरतच नाही.

मुळा, गाजर, बीट पोसायला पोटॅश म्हणजे पोटॅशियमचं खत लागतं, पानातली साखर खाली मुळाकडे न्यायचं काम त्याचं. फॉस्फरसही लागतो, पण तो मातीत फारसा सरकत नाही म्हणून त्याचं खत, सुपर फॉस्फेट, पेरणीआधीच मिसळायचं, एका बॅगेला अर्धा-एक चमचा, वरून भुरभुरवून उपयोग नाही. पोटॅश मात्र नंतर दिलं तरी चालतं, सल्फेट ऑफ पोटॅश लिटरभर पाण्याला एक ग्रॅम, पेरल्यावर तीन आठवड्यांनी एकदा आणि पुढे दहा दिवसांनी एकदा. बीट आतून काळं पडत असेल तर बहुतेक बोरॉन हे सूक्ष्म अन्नद्रव्य कमी पडतंय, पण ते अंदाजाने टाकू नका, जरा जास्त झालं तरी झाड जळतं.

शेणखत चांगलं कुजलेलंच घ्या. मी एकदा घाईत ओलं शेण मिसळलं आणि गाजरं निघाली ती दोन पायांची, एकाने तर दुसऱ्यालाच पिळा घातलेला, किसायलासुद्धा धड हातात धरता येईना.

विरळणी केली होती का ते तुम्ही लिहिलं नाहीये. दोन रोपांत तीन-चार इंच जागा नसेल तर कुठलंही खत घाला, मुळा पोसणार नाही.

आताचे मुळे काही आता भरायचे नाहीत, उपटून टाका. माती मात्र फेकू नका, त्यात उरलेल्या नायट्रोजनवर पालक मस्त येतो, तो एकदा काढा आणि मग त्याच बॅगेत परत मुळा पेरा, फक्त आपल्याकडची थंडी जायच्या आत.