आजोबांची नोंद कोठे शोधावी?

प्रश्न : आजोबांचा स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) कोल्हापुरात कॅथलिक चर्चमध्ये झाला होता. वायल्डर चर्चमध्ये त्याची नोंद मिळेल का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : तेथे मिळणे कठीण, कारण ती परंपराच वेगळी आहे; ते चर्च ज्यांच्या नावाचे आहे ते रॉयल वायल्डर हे 1852 मध्ये कोल्हापुरात आलेले अमेरिकन प्रॉटेस्टंट मिशनरी होते. कॅथलिकांची नोंद धर्मग्रामाच्या (एका चर्चच्या हद्दीतील समुदायाच्या, म्हणजे पॅरिशच्या) स्नानसंस्कार-वहीत असते आणि तीत तारीख, आईवडील, धर्ममातापिता (गॉडपेरेंट्स), संस्कार देणारे धर्मगुरू, शिवाय पुढे झालेला विवाहही बहुधा त्याच ओळीशेजारी समासात लिहिलेला असतो. ती एक ओळ म्हणजे घराण्याचा लहानसा इतिहासच. म्हणून झेरॉक्सवर न थांबता मूळ पान जरूर पाहावे. कोल्हापूर 2005 पर्यंत पुणे धर्मप्रांतात (बिशपांच्या अखत्यारीतील विभागात) होते, त्यानंतर सिंधुदुर्ग धर्मप्रांतात आले; त्यामुळे धर्मग्रामात वही न सापडल्यास दोन्हीकडे लेखी विचारणा करावी.