वजन जास्त असल्यामुळे ऑप्टिक न्यूरायटिस होतो का? वजन उतरवलं तर तो पुन्हा होणार नाही ना?

एकट्या जास्त वजनामुळे ऑप्टिक न्यूरायटिस (डोळ्याच्या नसेचा दाह) होत नाही आणि वजन उतरवल्याने तो टळेलच अशी हमीही नाही. पण लठ्ठपणाने धोका वाढतो, हे खरं. हा आजार पुष्कळदा मल्टिपल स्क्लेरोसिसची (एमएस, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांच्या आवरणावर हल्ला करते तो आजार) पहिली खूण असतो. अमेरिकेतल्या परिचारिकांच्या दीर्घकालीन पाहणीत (2009) वयाच्या 18 व्या वर्षी बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचं माप) 30 किंवा त्याहून जास्त असलेल्या स्त्रियांना पुढे एमएस होण्याचा धोका दुपटीहून अधिक आढळला. म्हणजे आजच्या काट्यापेक्षा ऐन तारुण्यातलं वजन जास्त बोलतं. चरबीच्या पेशी नुसती साठवण करत नाहीत. लेप्टिन, इंटरल्यूकिन-6 अशी दाह वाढवणारी द्रव्यं त्या रक्तात सोडतात. शिवाय लठ्ठपणात रक्तातलं ड जीवनसत्त्व बहुधा कमी असतं, आणि तेही एमएसच्या धोक्याशी जोडलेलं आहे. मात्र निदान नक्की काय झालंय ते आधी विचारा. कवटीतला दाब वाढूनही डोळ्यांच्या नसा सुजतात, आणि वजनाशी खरं घट्ट नातं आहे ते त्या आजाराचं: बहुधा दोन्ही डोळे, डोकेदुखी, वाकलं की क्षणभर अंधारी. तिथे वजन उतरवणं हाच उपचाराचा मोठा भाग. न्यूरायटिसमध्ये सहसा एकच डोळा, तो फिरवताना दुखतो, लाल रंग फिका दिसतो. आणि न्यूरायटिसवर दिलेल्या स्टिरॉइडने (दाह कमी करणारं औषध) वजन वाढतंय म्हणून गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका.